एक कान आणि दोन याद्या

जुलै लागला की माझा उजवा कान खाजायला लागतो. त्याच्या फाटक्या पडद्याला ठिगळ लावून जमाना झाला. ठिगळ लावणारे आमचे कॉलेजातले सर निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमं करत बसलेत. ठिगळ पक्कं आहे याची मी दरवर्षी कुणातरी तरुण डॉक्टरला कान दाखवून खात्री करून घेते, आणि तो दरवर्षी माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. तरी हवेत ओल आली आणि शेजारपाजारच्या घरांतून 'कटऑफ', 'राउंड', 'कॅटेगरी' असले शब्द ऐकू यायला लागले की बोट आपोआप कानाकडे जातं. मग एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. दवाखान्यात समोरची बाई पोराला काय होतंय ते सांगत असते आणि मला वाटत राहतं, की कुठेतरी एक नोटीस बोर्ड आहे आणि आपल्याला तिथं पोचायला उशीर होतोय.

यंदा तर विचारूच नका. माझ्या भावाची मुलगी, मधुरा, यंदा बारावी झाली. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि गुण चांगले पडल्यामुळे तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक लष्कराच्या मेडिकल कॉलेजचा आणि दुसरा साध्या, म्हणजे आमच्या भाषेत सिव्हिलच्या कॉलेजचा. आमच्या वेळी या दोन दारांना दोन वेगळ्या किल्ल्या होत्या. आता एकाच परीक्षेच्या गुणांवर दोन्हीकडे जाता येतं, लष्कराकडे फक्त पुढे मुलाखत आणि शरीराची तपासणी असते. त्यामुळे पोरगी दिवसातून कितीदा तरी फोन करते.

"आत्या, लष्करात जाऊ की सिव्हिलला?"

"सकाळी काय ठरलं होतं?"

"सकाळी लष्कर."

"मग आता काय झालं?"

"आता आई रडली ना."

आणि त्याच्या मागोमाग तो प्रश्न येतोच. "तू का नाही गेलीस गं लष्करात? तुला तर मुलाखतीला बोलावलं होतं ना?"

"कान फुटका होता," मी सांगते. हे उत्तर खोटं नाही, पण ते ऐकून तिचं समाधान होत नाही आणि सांगून माझंही होत नाही. फोन ठेवला की मी घरभर फिरत राहते.

आम्ही तेव्हा कांदिवलीला, पूर्वेला, टेकडीच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. ऐंशीच्या दशकातली कांदिवली म्हणजे निम्मं गाव आणि निम्मा कारखाना. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडच्या गावातून तरुणपणी आलेले. आमचं घर बौद्ध. भिंतीवर दोन फोटो, त्यांच्याखाली माझं टेबल, आणि टेबलावर मी कोपर टेकले की वरचे दोघं अभ्यास तपासायला उभे आहेत असं वाटायचं. शेजारी तावड्यांचं घर. ते मालवणकडचे. काका आधी गिरणीत होते, संपानंतर मालाडला एका दुकानात लागले. त्यांची रेखा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर, आणि चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये जी एक लाकडी फळी होती तिच्या पलीकडूनही तिचं घोकणं मला ऐकू यायचं. तिला बायॉलॉजी पाठ व्हायचं तोवर ते मलाही झालेलं असे.

त्या वर्षी आम्ही दोघींनी दोन्हीकडे अर्ज केले. सिव्हिलचा रस्ता दिसायला सरळ होता. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या गुणांची बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे यादी लावायची. तुम्ही काळे की गोरे, लुकडे की जाडे, तुम्हाला रक्त बघून चक्कर येते की नाही, कोणी विचारायचं नाही. डॉक्टर का व्हायचंय हेसुद्धा कोणी विचारायचं नाही. लष्कराचं सगळं निराळं. देशभरातल्या मुलांबरोबर लेखी परीक्षा, त्यातून निभावलात तर पुण्याला मुलाखत, मग लष्करी इस्पितळात टाळूपासून तळव्यापर्यंत तपासणी, आणि सगळं पार पडलं तर पुढे लष्करात नोकरी करीन असा करार. मुलींच्या जागा मोजक्याच. सिव्हिलला तुमची बेरीज पुरे होती. लष्कराला तुम्ही सगळेच्या सगळे लागत होता.

आणखी एक फरक होता. सिव्हिलला राखीव जागा होत्या, त्यांची यादी वेगळी लागायची. लष्कराच्या कॉलेजात राखीव जागा नव्हत्या. सगळ्यांची मिळून एकच यादी. मला तिथं जायचं होतं ते एवढ्याचसाठी. देशसेवा, गणवेश, शिस्त हे सगळं मी मुलाखतीसाठी पाठ केलं होतं, पण रात्रंदिवस मनात घोळायची ती एकच यादी. तिच्यात नाव आलं की तोंडं बंद होतील, असा माझा हिशोब होता.

तोंडं म्हणजे कोणाची? मोठ्या खलनायकांची नव्हेत. अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी वर्गात पहिली आले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "हिला कशाला पाहिजे यार एवढा अभ्यास? हिचं तर झालंच ना!" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते ठरवायला वेळ नव्हता. रेखा हसली नाही. तिनं मागे वळून त्याला असं काही ऐकवलं की तो पुढे वर्षभर आमच्याकडे बघायचा नाही. पण तिच्या ऐकवण्यानं ते वाक्य पुसलं गेलं नाही. मी बेंझीनचं वर्तुळ काढायला घेतलं की त्याच्या मधोमध ते वाक्य येऊन बसायचं.

आबांना मी मे महिन्यात सांगून टाकलं. ते दारात बसून सायकलची चेन साफ करत होते.

"आबा, मला त्या यादीतून नाही जायचं."

"कंच्या?"

"आपल्या."

त्यांनी चेन खाली ठेवली. "का? काटं हाइत का तिला?"

"लोक बोलतात."

"लोकं आपण पाणी प्यालो तरी बोलत व्हती. म्हणून प्यायचं सोडलं का आपण?"

त्यांनी हात पुसले. "हे बघ उषा, तुझा आजा पलटणीत व्हता. तू बी गेलीस तर मला आनंदच हाय. पण जायचं तर छाती काढून जा. ह्या यादीपासनं तोंड लपवून तिकडं पळू नगंस. ही यादी कुणी फुकट वाटलेली न्हाय." एवढं बोलून ते परत चेनकडे वळले आणि मी चिडून आत गेले. सतराव्या वर्षी माणसाला बापाचं बरोबर असलेलं सगळ्यात जास्त झोंबतं.

तिकडे तावड्यांकडे निराळाच गोंधळ. काका मे महिन्यात गावी गेले होते ते देवाला कौल लावून आले. त्यांच्याकडे देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि उजवीकडची पाकळी पडली की देव हो म्हणाला. काकांनी रेखाबद्दल विचारलं, माझा चेडू डॉक्टर होतला काय? उजवी पाकळी पडली. काका दोन फणस खांद्यावर घेऊन विजयी वीरासारखे परतले. सगळ्या चाळीला गरे वाटून झाल्यावर काकींनी, म्हणजे रेखाच्या आईनं, एक साधा प्रश्न विचारला.

"पण खंयच्या कॉलेजात ता इचारलास?"

काका गऱ्याची बी चोखत राहिले.

"इतक्या लांब गेलास ता कित्याक मग? मिल्ट्रीच्या की हयच्या, ह्या इचारूक नको?"

"अगो, देवाक तरी किती तरास देवचो?" काका म्हणाले, आणि विषय संपला. म्हणजे काकांच्या बाजूनं संपला. काकी पुढचे दोन महिने अधूनमधून कपाळाला हात लावायच्या.

लष्कराच्या लेखी परीक्षेचा निकाल आला. मी पास झाले, रेखा झाली नाही. तिनं एक दिवस फळीपलीकडे घोकणं बंद ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "चल, मी नाही तर तू तरी. तुझं वजन किती आहे?" वजन हा मोठाच प्रश्न होता. तपासणीत वजन कमी भरलं तर बाद करतात असं ऐकलं होतं, आणि मी तेव्हा उभी राहिले तर दाराच्या बिजागरीत मावेन अशी होते. मग काकींनी मला ताब्यात घेतलं. रेखासाठी आणलेली केळी माझ्याकडे वळली. वर्सोव्याहून सुक्या कोलंबीचे सोडे आणून त्यांचं कालवण, वर भात, भातावर तूप. मी जेवत असताना काकी समोर बसून घास मोजायच्या.

"खा गो, लाजतस कित्याक? आणि तकडे नाय झाला तरी तुका काय काळजी? तुमची लिस्ट वेगळी असता."

हे त्यांनी माझ्या ताटात भात वाढता वाढता, अगदी मायेनं सांगितलं. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. मागच्या बाकावरच्या मुलावर मला रागावता तरी आलं. काकींवरचा राग कुठे ठेवायचा ते कळेना. तोंडात घास, हातात केळं. मी तो घास गिळला आणि आणखी भात मागून घेतला. वजन तर वाढायला हवं होतं.

पुण्याला आबा बरोबर आले. दापोडीला एका नातेवाइकांकडे उतरलो. मुलाखतीच्या खोलीबाहेर इस्त्रीचे कपडे घातलेली मुलं-मुली बसली होती. कितीतरी जणांचे वडील लष्करातलेच, त्यामुळे ती मुलं खुर्चीत बसतानाही सावधान बसत. माझं इंग्रजी कॉलेजात शिकलेलं, पुस्तकी. आत गेल्यावर मधल्या पांढऱ्या मिशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, लष्करातच का यायचंय? देशसेवेचं वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते बाहेर आलंच नाही.

"कारण इथं एकच यादी आहे, सर."

शेजारच्या दोघांनी कागदावरून मान वर केली. मिशीवाले माझ्याकडे बघत राहिले. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "आणि त्या एका यादीत तुमचं नाव नसलं तर?"

मी म्हटलं, "असेल, सर." ते म्हणाले, "ठीक आहे," आणि मला मलेरियाच्या डासावर दोन प्रश्न विचारले. डास मला चांगला माहीत होता. आमच्या चाळीत त्याचंच राज्य होतं. मुलाखत पार पडली.

तपासणीला मात्र डासाचा उपयोग नव्हता. इस्पितळातल्या लांब व्हरांड्यात आम्हा मुलींची रांग. उंची झाली. वजन झालं, काटा हवा तिथं थांबला आणि मी मनातल्या मनात काकींना नमस्कार केला. डोळे, दात, गुडघे, तळपाय. नाकापासून घशापर्यंत आजवर कोणी माझ्यात इतकं लक्ष घातलं नव्हतं. मला ते आवडत होतं हे सांगायला हवं. इथं आडनाव कोणी वाचत नव्हतं. वजनाला आडनाव नसतं, असं काहीतरी मी स्वतःशी म्हणत होते. शेवटी कान. तपासणाऱ्या कॅप्टन बाई मराठी निघाल्या. त्यांनी डावा कान बघितला, मग उजवा, मग पुन्हा उजवा.

"हा कधीपासून वाहतो?"

"लहानपणापासून. पण आता थांबलाय. ऐकू येतं मला."

"ऐकू येतं म्हणूनच कोणी दाखवला नसेल." त्यांनी दिवा बाजूला ठेवला. "पडद्याला भोक आहे गं. जुनं आहे. कानात काही घालायचात का?"

"तेल. आई लसूण घालून गरम करायची."

त्यांनी हातातला कागद पुढे लिहिला आणि मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "या वर्षी नाही घेता येणार. ऑपरेशन करून घे. पडदा धरला तर पुढच्या वर्षी परत ये, वय आहे तुझं. मार्क आहेत."

बाहेर आबा झाडाखाली उभे होते. मी सांगितलं. त्यांनी माझ्या कानाकडे असं पाहिलं की जणू त्यालाच विचारतायत, बाबा रे, आत्ताच का? परतीच्या वाटेवर मी विचार करत होते आणि जेवढा विचार करत होते तेवढी तडफड होत होती. त्या कॉलेजानं माझं आडनाव बघितलं नव्हतं, हे खरंच होतं. पण कान बघितला, आणि कानात आमची सगळी चाळ होती. मागचा नाला, नळावरचं पाणी, थंडीतलं शेंबूड पुसणं, आबांची पाळी असली की कोण डॉक्टरकडे नेणार म्हणून रेटलेलं दुखणं. एवढं सगळं ओलांडून मी लेखी परीक्षा पास झाले होते आणि ते सगळं कानात बसून माझ्याबरोबर पुण्याला आलं होतं.

घरी आई तांदूळ निवडत होती. आबांनी सांगितलं ते तिनं ऐकलं, सूप तसंच मांडीवर ठेवून.

"म्हंजी माझ्या त्यालानं गेलं?"

"तसं न्हाय गं," आबा म्हणाले.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात कानात तेल घालणं बंद झालं. पुढे मी डॉक्टर झाल्यावर तिला कितीदा समजावलं असेल, की आई, पडदा तेलानं फाटत नाही, सर्दी मुरल्यानं फाटतो, वेळेवर औषध न मिळाल्यानं फाटतो, तेल फार तर आगीत तेल, पण आग तुझी नाही. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "तू माझं मन राखतीस." ती गेली तोवर तिला हे पटलं नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. पोर तापासाठी येवो नाहीतर जुलाबासाठी, त्याचा कान बघितल्याशिवाय मी सोडत नाही. आणि आयांना तेलाबद्दल विचारताना आवाज शक्य तितका साधा ठेवते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. आठवते ती फक्त अस्वस्थता. सिव्हिलची यादी लागायची होती, आणि मी जाहीर करून टाकलं होतं की मी ती बघणारच नाही, ऑपरेशन करून पुढच्या वर्षी परत पुण्याला जाईन. "आन् वरीसभर काय करशील? कान धरून बसशील?" आबा म्हणाले. मी पुस्तक उघडायची आणि मिटायची. टेकडीकडे जायची आणि अर्ध्या वाटेतून परत यायची. एका जागेसाठी अख्खं वर्ष गमवायचं हे वेडेपण आहे, हे मला कळत होतं. पण जाऊन जागा घ्यायची आणि आयुष्यभर ते मागच्या बाकावरचं वाक्य मागे घेऊन वॉर्डातून फिरायचं, हेही सहन होत नव्हतं. रेखा एकदाच म्हणाली, "उषे, तू मूर्ख आहेस," आणि माझ्यासाठी केळं ठेवून गेली. वजनाची आता गरज नव्हती, पण काकींना सवय लागली होती.

यादी लागली त्या दिवशी आबांनी अर्धी रजा टाकली. "तू बघू नगंस, मी बघतो. नुसती संगं चल," म्हणाले. रेखाही होतीच. शहरातल्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात बोर्ड लावले होते. पहिल्या बोर्डावर खुल्या गटाची यादी, तिच्यासमोर मुलांची आणि आईबापांची एवढी झुंबड की रेखा बघता बघता तिच्यात दिसेनाशी झाली. आबा त्या बोर्डासमोर थांबलेच नाहीत. ते सरळ पुढे गेले, व्हरांड्याच्या टोकाला, राखीव जागांच्या यादीकडे. मीही त्यांच्यामागून, फरशीकडे बघत.

आबा यादी वाचताना बोट लावून वाचायचे. कारखान्यात मापं तपासायची सवय. बोट वरून खाली आलं. मग परत वर गेलं आणि परत खाली आलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"नाव न्हाय गं."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. हेच तर मला हवं होतं, आता पुढच्या वर्षी पुणं, वाद मिटला. पण पांढऱ्या मिशीवाल्यांचा प्रश्न आठवला, नाव नसलं तर? आबांचा चेहरा बघवेना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं, की मला कुठल्या यादीतून जायचंय याच्या खाली दुसरी एक इच्छा होती, आणि ती साधी, उघडी इच्छा होती. मला डॉक्टर व्हायचं होतं. कुठूनही.

"काही तरी चूक झाली असंल त्यांची," आबा म्हणाले. "आत सायबाला इचारतो." त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, केसांवरून हात फिरवला. कोणा साहेबासमोर जायचं की ते असंच करायचे. एवढ्यात गर्दीतून केस विस्कटलेली रेखा बाहेर आली आणि व्हरांड्याच्या त्या टोकाहून ओरडली.

"उषे! ए उषे! तू तिकडे काय करतेस? अगं, तू आमच्या लिस्टमध्ये आहेस!"

व्हरांड्यातल्या पाच-दहा माना आमच्याकडे वळल्या. रेखाला त्याचं काही नव्हतं. तिनं माझा हात धरून मला ओढत नेलं, गर्दीत घुसवलं आणि काचेवर बोट ठेवलं. माझं नाव. यादीच्या शेपटाला लटकलेलं नाही, चांगलं मध्यावर. आडनावासकट. खुल्या यादीत येण्याइतके गुण मला पडले होते, आणि हे आबांच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. निकाल हातात होता, बेरीज पाठ होती, तरी नाही. ज्या मुलीला सगळ्यांच्या एकाच यादीत जायचं होतं, तिनं सगळ्यांची यादी उघडूनही बघितली नव्हती.

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझं कुठे? माझी वाट लागली." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "पण देवानं सांगितलंय ना, होईन म्हणून. बघू." तिनं नाक पुसलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

देवानं सांगितलेलं चुकलं नाही. रेखा गुरांची डॉक्टर झाली. काका शेवटपर्यंत म्हणायचे, "कोणाचो डॉक्टर, ता इचारूक ऱ्हवला." आज मालाडमधली अर्धी कुत्री तिला ओळखतात आणि उरलेली अर्धी तिला घाबरतात.

आबांना मी नाव दाखवलं. त्यांनी ते वाचलं, बोटानं काचेवर एकदा गिरवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. वाटलं, आता चहा, पेढे, घर. पण आबा वळले आणि परत व्हरांड्याच्या टोकाकडे चालू लागले.

"आबा, कुठे? आपलं झालं ना!"

"थांब जरा."

ते राखीव जागांच्या यादीसमोर उभे राहिले आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले. हळू, ओठ हलवत, एकेका नावाखाली बोट धरून. मघाशी ते एकच नाव शोधत होते. आता एकेक नाव पूर्ण वाचत होते, मुलाचं, बापाचं, आडनाव. मी त्यांच्यामागे या पायावरून त्या पायावर होत उभी. मला घरी जायचं होतं, आईला सांगायचं होतं, काकींना तर आधी सांगायचं होतं.

"आबा, चला ना. माझं नाव नाही त्यात."

"म्हाईत हाय," ते मागे न बघता म्हणाले. "वाचू दे."

शेवटच्या नावावर बोट थांबलं. शाळा सुटल्यावर वळणावर उभा राहून पोरं मोजणारा माणूस शेवटचं पोर दिसल्यावर जसा श्वास सोडतो, तसा त्यांनी सोडला.

"सगळी आली," म्हणाले. "चल."

पुढची पाच वर्षं कॉलेजात मला एक प्रश्न विचारला जातच राहिला. पहिल्या दिवशी, परीक्षेच्या आधी, वॉर्डात, कॅन्टीनमध्ये. "कुठल्या लिस्टमधून?" एका यादीनं तोंडं बंद होतील हा माझा हिशोब साफ चुकला होता. मी काय उत्तर द्यायची ते त्या त्या दिवसावर असायचं. कधी रागानं म्हणायची, "ओपन." कधी तेवढ्याच रागानं म्हणायची, "आमच्या." दोन्ही खरंच होतं. दुसरी यादी नसती तर आबा त्या व्हरांड्यापर्यंत आलेच नसते आणि मीही आले नसते, एवढं समजायला मात्र मला बरीच वर्षं लागली. कधी कधी ते मुलाखतीचं टेबल आठवतं. तिथं निदान मला विचारलं होतं, तुला का यायचंय. दुसऱ्या दारानं काहीच न विचारता मला आत घेतलं. यातलं चांगलं कुठलं ते मला आजही ठरवता येत नाही, आणि म्हणूनच मधुराला काही सांगता येत नाही.

आज दुपारी तिचा फोन आला. लष्कराचं मुलाखतीचं बोलावणं कालच आलं, सिव्हिलची यादी आत्ता लागलीय.

"आत्या, मला नाही बघवत. तूच बघ. तुला पाठवलीय. वर सर्च आहे ना, तिथं फक्त माझं नाव टाक, लगेच दिसेल."

मी चष्मा लावला. यादी उघडली. आता सगळ्यांची नावं एकाच यादीत असतात, नावापुढे कॅटेगरीचं बारीकसं अक्षर तेवढं असतं. कान खाजत होता. सर्चच्या चौकटीकडे माझं बोट गेलं आणि परत आलं. मी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"सापडलं का?"

"थांब."

"अगं आत्या, काय करतेस एवढा वेळ? नाव टाकलंस ना?"

"वाचतेय," मी म्हटलं. "सगळी आली का ते बघू दे आधी."